सत्तावन्न किलोची जिम्मेदारी

३ ऑगस्ट, सकाळी ११

आजपासून रोजनिशी. पालममधून दोनशे पानी वही आणली. पहिलं पान कोरं सोडलंय, पुढं फोटो चिकटवायला.

मुद्दा. आजपासून मी शिवकन्याचा मॅनेजर. शिवकन्या म्हणजे माझी लहान बहीण. वय एकोणीस, सत्तावन्न किलोच्या गटात कुस्ती खेळते. जिल्ह्यात तिला पाडणारी एकच पोरगी आहे, सोनपेठची साधना. मागल्या साली निवड चाचणीत साधना पुढं गेली, आमची घरी आली.

काल जेवताना आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, फैसला सांगितला. १४ सप्टेंबरला परभणीला चाचणी. शिवकन्याची निवड झाली तर पालमला तालमीत राहून राज्य स्पर्धेची तयारी करायची. न्हाई झाली तर दिवाळीनंतर मागल्यावानी मेंढरांसंगं सहा महिने रानोमाळ. आबा म्हणले, कळपामागं दोन माणसं लागतेत. एक मी तर हायेच. दुसरं कोण ते चौदा तारखेला ठरंल. हे बोलताना ते माझ्याकडं का बघायलते कळलं नाही. मॅनेजर म्हणून असेल.

शिवकन्याला विचारलं, टेन्शन हाय का. म्हणली, भाऊ, सहा महिने तालीम सुटली की परत पहिलीपासून शाळा. अन् मागल्या साली त्या ओढ्यात घसरून डावा गुडघा गेला तो अजून माझा न्हाई झाला. यंदा मला जायचं न्हाई.

संकल्प: उद्यापासून पहाटे साडेचारला तिच्यासंगं पळणे.

४ ऑगस्ट

उठलो. साडेआठ. अलार्म वाजला नाही. शिवकन्या म्हणली, वाजला, मीच बंद केला, सगळी गल्ली उठायलती तू सोडून. म्हणजे चूक तिची. नोंद केली.

५ ऑगस्ट

पळण्यापेक्षा खुराक महत्त्वाचा, असं फोनवर वाचलं. डझनभर अंडी आणली. शिवकन्या म्हणली, मला वजन उतरवायचंय, चढवायचं न्हाई. अंडी वाया जाऊ नयेत म्हणून मी खाल्ली. त्याग हा मॅनेजरचा गुण आहे.

७ ऑगस्ट

रेवणप्पा वस्तादांना भेटलो. त्यांचं पालमला गुरं बांधायची दावी, कासरे, घुंगरं विकायचं दुकान. मागं पत्र्याच्या शेडात तालीम. शिवकन्याला सातव्या वर्षापासून त्यांनीच घडवली. मी म्हणलं, वस्ताद, आता मी तिचं मॅनेजमेंट बघायलोय. म्हणले, लय चांगलं झालं बाबा, मग माती उकर. हातात फावडं दिलं.

माती उकरणं मॅनेजरचं काम नाही. तरी सुरुवात केली. तेवढ्यात रस्त्यानं नवं हार्वेस्टर चाललेलं दिसलं. पालममधे असं मशीन रोज येत नाही. बघून येतो म्हणलं. ते लोहा रस्त्याला लागलं, मग मीपण लागलो. परत आलो तर शिवकन्यानं सगळी माती उकरून, सारखी करून, पाणी मारून ठेवलेली. तिचा व्यायाम झाला. प्लॅन बरोबर चाललाय.

११ ऑगस्ट

चाचणीचा फॉर्म आणायला परभणीला निघालो. बस पिंगळीला थांबली, खिडकीतून सिद्धोधन दिसला. जुना दोस्त, आता फ्लेक्सचं दुकान. पाच मिनिटं म्हणून उतरलो.

सिद्धोधन म्हणला, निवड झाल्यावर फ्लेक्स करायला सगळेच येतेत, तू आताच करून ठेव, तेव्हा घाई नको. पटलं. ‘राज्य स्पर्धेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. खाली ‘मार्गदर्शक व मॅनेजर: बिरदेव’. माझा फोटो मोठा आला, गॉगलचा. शिवकन्याचा आधार कार्डावरचाच होता माझ्याकडं, तो ताणला की फुटायलता. म्हणून लहान ठेवला.

संध्याकाळ झाली. फॉर्म उद्या.

१२ ऑगस्ट

फॉर्म वस्तादांनी आठ दिवसांपूर्वीच भरला होता. मला कुणी सांगितलं नाही. टीममधे संवाद नाही.

फ्लेक्स मायला दाखवला. म्हणली, लय दणकट हाय रे. पाऊस आला तसा तिनं तो कडब्यावर टाकला. माझं तोंड खाली करून.

१८ ऑगस्ट, रात्री ८

मोठा दिवस. सगळं नीट लिहितो.

श्रावणातला शेवटचा सोमवार. सोनपेठकडं एका गावात महादेवाची जत्रा, कुस्त्यांचा फड, आणि साधना खेळणार अशी पक्की खबर. तिचे डाव फोनमधे शूट करून आणायचे, शिवकन्याला दाखवायचे, असा माझा प्लॅन. शिवकन्या म्हणली, भाऊ, नुसतं बघून ये, बोलू नको कुणाला. मी म्हणलं, मी काय बोलतो?

फडाला ही गर्दी. पुढच्यांच्या टोप्या मधे यायलत्या. मी फोन धरलेला हात वर केला आणि नीट दिसावं म्हणून पुढं सरकत गेलो. सरकत सरकत पायाखाली मऊ लागलं. माती. हलगी वाजायला लागली.

हात वर करून फडात उतरला तो कुस्ती मागायला आला, हे लहानपणापासून माहीत आहे. फोन धरलेला हातपण त्यात धरतात हे माहीत नव्हतं.

साधनाला आज जोड मिळत नव्हती. तिच्या वजनाच्या पोरी आल्या नव्हत्या, पोरं लाजायलती. एका म्हाताऱ्या पंचानं माझा दंड चाचपला, बाजारात बोकड चाचपतात तसा, आणि म्हणला, जमतंय की, लावा. मी सांगायलो, मी मॅनेजर हाय. तो म्हणला, कोणी का असंना, शर्ट काढ.

कुस्ती झाली. वेळ फार लागला नाही. तरी साधनाचा अभ्यास इतक्या जवळून आजवर कुणी केला नसेल. तिचा पट लय वेगात येतो, पायात कधी शिरली दिसतच नाही. नंतर आभाळ दिसतं.

तिनंच उठवलं, पाणी दिलं. म्हणली, भाऊ, लागलं का? स्वभावानं चांगली आहे. कुठले म्हणली. सांगितलं. म्हणली, अगं बाई, शिवकन्याचे भाऊ का तुमी, ती लय जबर खेळती. मी म्हणलं, जबर खेळती, पण डावा गुडघा धरत न्हाई ना तिचा, त्या बाजूनं कुणी पायात शिरलं की हैराण होती. ती म्हणली, असं का. मग बक्षिसाचा नारळ फोडून अर्धा मला दिला.

थोडी माहिती आपण दिली की समोरचा बेसावध होतो. याला डिप्लोमसी म्हणतात.

१९ ऑगस्ट

पाठ धरली. शिवकन्यानं विचारलं, काय बघितलंस? पटाचा वेग सांगितला. म्हणली, ते मलाबी माहीत हाय, अजून? म्हणलं, बाकी गोपनीय.

२१ ऑगस्ट

माझ्या कुस्तीचा व्हिडिओ पालममधे फिरायलाय. कुणी काढला माहीत नाही. वस्तादांनी चारदा बघितला. म्हणले, बिरदेवा, पडलास ते पडलास, पडता पडता फोन किती जपलास रे.

३० ऑगस्ट

पोळा झाला, गणपती बसले, मी मंडळात अडकलो. शिवकन्या दोन वेळा तालमीला, मधल्या वेळात मेंढरांकडं. डाव्या पायाची बैठक वस्ताद वेगळी घेतात, भिंतीला धरून. ती ओठ दाबून करते. बघवत नाही. म्हणून मी तालमीत कमी जातो.

१३ सप्टेंबर

अर्धा किलो जास्त भरायलीय. शिवकन्या सकाळपासून पाण्याच्या घोटावर आहे, स्वेटर घालून पळायलीय. तिला साथ म्हणून मीपण उपास धरला. दुपारी तीनला सोडला. दोघंही अशक्त असून चालणार नाही, एकानं तरी शुद्धीवर पाहिजे.

उद्या माझ्याकडं एकच काम आहे. पाण्याची बाटली भरून ठेवणे.

१४ सप्टेंबर, सकाळी ७, परभणी

वजन झालं. सत्तावन्नला शंभर ग्रॅम कमी. पास. आबा, माय, वस्ताद, सगळे आलेत. आबा पहिल्यांदाच मॅट बघायलेत. हात लावून म्हणले, गादीवरच पडायचं म्हणल्यावर लागत नसंल फार.

दुपारी ४

फायनल. शिवकन्या आणि साधना. साधनानं लांबून मला मान हलवली. मीही हलवली. वस्ताद म्हणले, कोण रे? म्हणलं, कॉन्टॅक्ट हाय.

शिट्टी वाजली. साधना सरळ डाव्या पायात शिरली. दोन गुण. परत डाव्याच पायात. दोन गुण. शिवकन्या उठताना गुडघा धरून उठली. वस्ताद म्हणले, ह्या पोरीला कोण सांगितलं?

मला त्याच वेळी बाटली भरायची आठवण झाली.

नळाला गर्दी होती. म्हणजे एक माणूस होता, पण त्याच्याकडं वीस लिटरचा कॅन होता. त्याला म्हणलं, भरा, सावकाश भरा. आतून आरडाओरडा ऐकू यायलता. कुणाचा ते कळत नव्हतं. त्याचा कॅन भरला. मी बाटली विसळली. परत विसळली.

आत गेलो तर पंचांनी शिवकन्याचा हात वर धरलेला. आबा टोपीनं तोंड पुसायलते. निवड झाली. वस्तादांना विचारलं, काय झालं? म्हणले, तू मॅनेजर ना?

तेवढ्यात साधना आली. डोळे लाल, पण हसली. सगळ्यांदेखत शिवकन्याला म्हणली, तुझ्या भावानं सांगितलेलं खरं निघालं गं, डावा पाय धरत न्हाई तुझा. पण तिसऱ्या बारीला मी वाकले की वरून दाबून उताणी करशील, हे न्हवते बोलले ते.

बाटली घट्ट बंद होत नव्हती. मी झाकण बघायलो.

रात्री, बसमधून आल्यावर

बस पिंगळी सोडून निघाली. शिवकन्या पाय पुढच्या सीटखाली लांब करून बसलेली, गुडघ्यावर ओला टॉवेल. मग म्हणली, का सांगितलंस ते न्हाई विचारत, भाऊ. अजून काय काय सांगितलंस तेवढं सांग.

सांगायला लागलो. गंगाखेड आलं तरी सरलं नव्हतं. मला वाटलं होतं एवढंसंच आहे.

१६ सप्टेंबर

डॉक्टर म्हणले, फाटलं काही नाही, सूज आहे, पंधरा दिवस आराम. राज्य स्पर्धा नोव्हेंबरात. म्हणजे वेळ आहे.

खरं बघितलं तर माझ्यामुळंच सगळ्यांना कळलं की त्या गुडघ्यावर वार झाले तरी ती जिंकते. हे घरात नीट मांडायचं आहे. सध्या ऐकण्याच्या मूडमधे कुणी नाही. माय भाकरी देते, पण ताट जरा वाजवून ठेवते.

५ ऑक्टोबर

शिवकन्या पालमला राहायला गेली, वस्तादांच्याच घरी. वस्तादांच्या बायकोनं, बसम्माकाकूंनी, माडीवरची खोली झाडून दिली. मी म्हणलं, मॅनेजर म्हणून मलाही इथंच राहावं लागेल. काकू म्हणल्या, खोली एकच हाय लेकरा. मी म्हणलं, दुकानात झोपतो. वस्ताद म्हणले, दुकानात सगळी दावी हायेत. याचा अर्थ लागला नाही.

२६ ऑक्टोबर

आबांनी सकाळी घोंगडं आणि काठी माझ्यापुढं ठेवली. म्हणलं, हे काय? म्हणले, दुसरं माणूस कोण ते चौदा तारखेला ठरलं की.

मी पुष्कळ मुद्दे मांडले. स्पर्धेची आखणी, डावांचा अभ्यास, पत्रकार. आबा ऐकत राहिले आणि चपलेला खिळा मारत राहिले. मग ती चप्पल पण मला दिली.

विचार केला तर वाईट नाही. रानात शांतता असते. आखणीला चांगलं.

संकल्प: रोज सकाळी शिवकन्याला फोनवर दहा मिनिटं मार्गदर्शन.

९ नोव्हेंबर, जिंतूरच्या अलीकडं

पायाला फोड. मार्गदर्शन अजून सुरू झालेलं नाही, ती उचलत नाही. सकाळी प्रॅक्टिस, दुपारी झोप, संध्याकाळी प्रॅक्टिस. मेसेज करते, बरी हाय.

आज कळप एकाच्या तुरीत शिरला. मी तलावावर जेसीबी चाललेला बघायलतो. मालक लय बोलला. आबांनी त्याला हात जोडले. संध्याकाळी मला म्हणले, शिवकन्या कळपामागं असताना असं कधी झालं न्हाई. एवढंच म्हणले.

मेंढरं हाकायची शिट्टी मला अजून जमत नाही. उद्यापासून जमवणे.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळी

वस्तादांचा फोन आला. शिवकन्या राज्यात पहिली. सुवर्ण.

आबा ऐकून खाली बसले. मग उठले आणि कळपाला एक पूर्ण फेरी मारून आले. इथं सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

मी वस्तादांना म्हणलं, फोन शिवकन्याला द्या. तिनं घेतला. गुडघा कसा हाय विचारलं. म्हणली, हाय अजून. आवाज बसलेला. मी म्हणलं, फायनल कोणत्या डावावर मारलीस? म्हणली, भाऊ, ते सोडून काहीबी विचार.

वस्तादांना परत द्यायला लावला. म्हणले, तुला सांगायचं न्हाई असं बोलली हाय, पुढं देशाची स्पर्धा हाय ना. माय तिथंच होती, तिला विचारलं. म्हणली, मला डावाचं काय कळतंय रे, अन् कळलं असतं तरी.

सिद्धोधनचा पण फोन येऊन गेला. म्हणला, काय मारलीय राव शेवटची, व्हिडिओ बघितलास का? पिंगळीत, पालममधे सगळ्यांनी बघितलाय. इथं रेंज बोलण्यापुरतीच येते, व्हिडिओ नुसता गोल फिरतो. मी म्हणलं, कोणता डाव होता? तो म्हणला, मला कुस्तीतलं काय कळतंय, एकदम उचललं आणि.

तिथं रेंज गेली.

मग आबा शेजारी येऊन टेकले. म्हणले, बिरदेवा, कोणत्या डावावर जिंकली रे पोरगी?

मी म्हणलं, ते सध्या बाहेर सांगायचं न्हाई असं ठरलंय आमचं.

आबा म्हणले, म्हंजे तुलाबी सांगितलं न्हाई म्हण की.