वीस हजार पावलं, बसल्या जागी

४ मार्च
डॉक्टरांनी आज दगा दिला. बारा वर्षं माझी शुगर सांभाळणारा माणूस, आणि तोंडावर म्हणतो, लघवीतून प्रोटीन जातंय, किडनीला झळ लागलीये. किडनीने तर साधी कल्पनाही दिली नाही. दुखली नाही, खुपली नाही, गुपचूप गळत राहिली. आकडा ६५. तीसच्या आत हवा. रोज अर्धा तास भरभर चालायचं, थोडा दम लागेल असं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.
बायको घाबरली आहे. तिला शब्द दिला. उद्यापासून, पहाटे साडेपाच.

५ मार्च, सकाळी ८.१०
गजर वाजला नाही. बायको म्हणते वाजला, मीच बंद केला. झोपेत केलेल्या गोष्टीची जबाबदारी जागेपणी कशी घ्यायची?

९ मार्च
मुलीने पावलं मोजणारा बँड पाठवला. मनगटावर बांधून कोपऱ्यापर्यंत गेलो. चारशे बारा पावलं. चप्पल टोचते. डायबेटिसवाल्याने पाय जपावेत, हे डॉक्टरांचंच वाक्य. नवे बूट येईपर्यंत चालणं धोक्याचं.

१४ मार्च
शोध लागला! दुकानात शिवताना बँड घोट्याला बांधला. मशीनचं पायडल हललं की पाऊल मोजलं जातं. दोन शर्ट, एक पँट : अकरा हजार! म्हणजे मी तीस वर्षं चालतोच आहे, फक्त कुठे पोचत नाही. बायकोला आकडा दाखवला. हरखली. घोट्याचं सांगितलं नाही. तिने विचारलंच नाही.

२ मे
शाळेच्या गणवेशांची ऑर्डर. २०,४००! बायको मुलीला फोनवर सांगत होती, तुझे बाबा तरण्या पोरांना लाजवतात. मी मान खाली घालून काजं करत होतो. विनय, दुसरं काय.
बूट अजून घेतले नाहीत. गरजच काय?

४ जून, संध्याकाळ
उद्या तपासणी. उगाच धाकधूक. खबरदारी म्हणून बिल्डिंगचा चार मजली जिना अकरा वेळा चढलो-उतरलो. जीभ बाहेर आली. सातवीची परीक्षाही मी आदल्या दिवशी अभ्यास करूनच पास झालो होतो.

६ जून
१८०!!
घात. तीन महिन्यांत एकदाच मनापासून व्यायाम केला आणि नेमका तोच अंगावर आला. व्यायाम माणसाला मारतो. लेखी पुरावा हातात आहे.

७ जून
बायको दवाखान्यात सोबत आली. वीस हजारांचा आकडा तिनेच कौतुकाने सांगितला. डॉक्टर माझे पाय तपासत होते. घोट्यावर हा पट्ट्याचा वळ कसला, म्हणाले. झालं.
मग विचारतात, तीस वर्षं हेच पायडल मारताय ना? आणि शुगर त्यातच झाली ना? पायडल वाईट नाही म्हणे, पण त्याने तुम्हाला दम लागत नाही. जिन्याचं ऐकून कपाळाला हात लावला. आदल्या दिवशी दमवणारा व्यायाम केला की आकडा तात्पुरता फुगतो. तपासणीच्या चिठ्ठीवर छापलेलं होतं. मागच्या बाजूला. मागची बाजू कोण वाचतं?
तीन दिवस आराम, मग पुन्हा तपासणी. हे आधीच सांगायचं होतं, मी तयारच होतो.
बायको वाटभर माझ्या दहा पावलं पुढे चालली. चारचौघांत नवऱ्याची बाजू घ्यावी, एवढंही नाही.

१० जून
आराम तंतोतंत पाळला. बघा, मनावर घेतलं की जमतं.

११ जून
सकाळी लघवीचा नमुना देऊन आलो. दुपारी बटणं आणायला निघालो, तर बायको दवाखान्यातून बाहेर पडताना दिसली. एकटी! घरी विचारलं, कुठे होतीस? म्हणाली, भाजीला. हातात पिशवी नव्हती. म्हणजे डॉक्टर आणि बायको, दोघंही माझ्या पाठीमागे. घरातच फितुरी.

१२ जून
१०५. डॉक्टर म्हणाले, जिन्याचा वाटा गेला, हा उरलेला तुमचा स्वतःचा. गोळी वाढवली.
मी सरळ विचारलं, बायको काल माझ्याबद्दल काय सांगून गेली? म्हणाले, तक्रार काही नव्हती. विचारत होत्या, ‘पुढेमागे वेळ आलीच तर माझी किडनी ह्यांना चालेल का?’ कागदावर स्वतःचा रक्तगट लिहून आणला होता.
डॉक्टरांनी तिला समजावलं, ती वेळ लांब आहे, नीट वागले तर येणारही नाही. तिने म्हणे तरीही कागद ठेवून घ्यायला लावला.
दुकानात येऊन बसलो. गिऱ्हाईक पँट मागत उभं होतं. डोळे भरून आले, सुईत दोरा जाईना. दगा कुणी कुणाला दिला, ते लिहायला हात धजत नाही.