हार्वेस्टच्या गीताचा इंट्रो

८ सप्टेंबर
उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी थांबवून घेतलं होतं, त्याचा विचार अजून चालू आहे. कमिटीचं म्हणणं, नाताळपासून वाद्यं बंद, स्पीकरवर रेडिमेड ट्रॅक. हार्वेस्टला, म्हणजे पिकाच्या आभाराच्या उपासनेला, आम्हा चौघा वादकांचं नीट जमलं तरच फेरविचार. चौघंही एकच चाल एकदम वाजवतो, हाच प्रॉब्लेम आहे. आभाराच्या गीताला प्रत्येकाचा वेगळा पार्ट लिहून देतो. आठवड्यात काम फत्ते.

१५ सप्टेंबर
एक ओळ झाली. पाठ धरली. टेबलाची उंची चुकीची आहे असं बायकोला सांगितलं. शालू म्हणाली, टेबल लग्नापासून तेवढंच आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
पार्ट वाटले. हार्मोनियमच्या रंगूबाईंना दुसऱ्या कडव्यात विश्रांती दिली होती, वयाचा मान म्हणून. देवासमोर हात बांधून बसायला मी पाहुणी आहे का, म्हणून रडल्याच. गिटारवाला नयन म्हणाला, सर, चार बार मला वाजवायला काहीच नाही, मम्मी व्हिडिओ काढणारे. शहाडचा पंढरी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. जिथे गप्प बसायचं तिथे त्याने वरातीतली सुरावट घातली.

२२ सप्टेंबर
उपाय सापडला. शब्द सुरू होण्याआधीच प्रत्येकाला एकेकट्याने वाजवायला द्यायचं. हौस फिटली की पुढे ऐकतील. इंट्रो जरासा लांबेल. शालूने विचारलं, गायला कधी लागायचं हे लोकांना कसं कळणार? तिला संगीतातलं काय कळतं!

२८ सप्टेंबर
प्रॅक्टिस नाही. पंढरी बँडबरोबर टेंभी नाक्याच्या नवरात्रात. रंगूबाईंचे गुडघे. नयनची परीक्षा. मी एकटाच कीबोर्डवर चारही पार्ट वाजवत बसलो. उत्तम जमले.

५ ऑक्टोबर
पहिली पूर्ण प्रॅक्टिस. इंट्रो अप्रतिम. गीतापर्यंत पोचलो नाही, पंढरीला निघायचं होतं. गीत काय, सगळ्यांना लहानपणापासून येतंच.

११ ऑक्टोबर
दमलोय. उजळणी पहाटे. उद्या कमिटी माझी माफी मागेल. माफ करायचं, पण लगेच नाही.

१२ ऑक्टोबर, दुपार
एकही सूर चुकला नाही. रंगूबाईंनी असं वाजवलं की मला भरून आलं.

पण आमच्या चर्चमध्ये शब्दांशिवाय नुसतं वाजवतात ते फक्त दान गोळा करताना. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पंढरीचा नंबर येईपर्यंत बायकांनी पर्स उघडल्या. नयनच्या वेळी पिशव्या फिरू लागल्या. एक माझ्यापुढेही आली, मी वाजवता वाजवता नोट टाकली. इंट्रो संपला तसं मी मान हलवून गाण्याची खूण केली. पाळकसाहेबांनी डोळे मिटून दानाची प्रार्थना केली. सगळे आमेन म्हणाले आणि लोकांनी अर्पण केलेल्या भोपळे-कोंबड्यांचा लिलाव सुरू झाला. गीत राहिलंच.

नंतर पाळकसाहेबांनी पाठीवर हात ठेवला. कमिटीला फार आवडलं म्हणे. दानाच्या वेळी आता रंगूबाई वाजवणार. गीतांना मात्र ट्रॅकच. बटण दाबायला विश्वासू माणूस हवा आहे, असं म्हणून माझ्याकडे बघत राहिले. हो म्हणालो.

शालूला अजून सांगितलेलं नाही. बटण कुठलं, ते नयनला विचारून घ्यायला हवं.