कोंबडी, राहेलबाई आणि चार कडव्यांचा संयम

सातारा,
ता. ६ जानेवारी २०२५

चि. सुवार्ता हिस,
एस्तेरआत्याचे अनेक आशीर्वाद व प्रभूमध्ये सलाम, वि. वि.

पत्र पाहून हसू नकोस. तुझं शलमोनशी लग्न होईपर्यंत माझ्याशी मोबाईल बंद. शलमोनच्या मावशीने ग्रुपवर तुझ्या रंगावरून काही लिहिलं आणि तू तिला जे ऐकवलंस, ते पुसून टाकायला लावेपर्यंत माझे हातपाय गार पडले होते. नशीब, तुझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, राहेलबाईंनी, ते वाचलं नाही. मोबाईलवर राग चढायच्या आधीच पोचतो. पत्राला पाकीट लागतं, तिकीट लागतं, तोवर निम्मा उतरतो.

राहेलबाई आमच्या महिला मंडळातल्या. सून शांत हवी, नाहीतर सोयरीक नको, असं त्यांनी स्वच्छ सांगितलंय. आमची पोर म्हणजे निव्वळ लोणी, असं मी छातीठोकपणे सांगून बसलेय. आता कापणीच्या सणाला त्या सांगलीला तुमच्या ख्रिस्तमंदिरात येणार. तोवर सहनशीलता आणि सौम्यता, बायबलात सांगितलेल्या पवित्र आत्म्याच्या फळांतली एवढी दोन तरी तुझ्या झाडाला धरू देत.

उपाय सांगते. मी नर्स असताना डॉक्टर खेकसले की दानाच्या वेळी म्हणतो ते संथ गीत मनात गुणगुणायची. चारही कडवी संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

तुझ्या आईबाबांना सलाम. माया आहेच, ती रागापेक्षा वाढती ठेव.
तुझी,
एस्तेरआत्या

सांगली,
ता. १५ जानेवारी २०२५

ती. एस्तेरआत्यास,
सुवार्ताचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझा उपाय सुरू आहे आणि सगळं घर हैराण आहे. आई म्हणते, पूर्वी माझा राग दोन मिनिटांत उरकायचा, आता चार कडवी ऐकावी लागतात. बाबा पहिली ओळ कानावर आली की चहाचा कप घेऊन थेट परसात जातात. कुपवाडच्या कारखान्यात मी नापास केलेले सुटे भाग जयराजसाहेब पुन्हा माझ्याच टेबलावर आणून ठेवतात. मी गुणगुणते. त्यांना वाटतं, पोरगी आज खुशीत आहे, म्हणून ते आणखी एक पेटी ठेवून जातात.

पण आत्या, खरं सांगू? तोंड बंद असलं तरी आत पातेलं उकळतच असतं. फळ झाडाला आतून येतं ना गं? मी तर बाजारातून आणून फांदीला दोऱ्याने बांधल्यासारखी वागतेय. राहेलबाईंनी ओढून पाहिलं तर? शलमोन मला खरंच फार आवडतो. माझ्या जिभेपायी तो हातचा गेला तर मी कुणावर चिडू?

बाकी क्षेम. माझी कोंबडी, कलेक्टरीण, पूर्वीच्याच तोऱ्यात अंगण तपासत फिरते. सणाला अर्पण म्हणून मी केक करणार आहे.
तुझे आशीर्वाद असेच येत राहोत, तिकीट मी लावीन.
तुझीच,
सुवार्ता

सांगली,
ता. ३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सलाम, वि. वि.

आधी खाली बस. काल कापणीचा सण झाला आणि तुझं बिंग फुटलं.

माझा केक करपला. मंदिरात रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून आईने मला न विचारता कलेक्टरणीला टोपलीत घातलं. उपासनेनंतर अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव सुरू झाला. भोपळे, उसाच्या मोळ्या, अंडी गेली आणि भाऊसोकाकांनी माझी कोंबडी वर धरली. आपण आणलेली वस्तू आपणच बोली लावून परत घ्यायची आपल्याकडे मुभा आहे, म्हणून मी हात वर केला. पलीकडच्या बाकावरून राहेलबाईंनीही केला. मी वाढवलं की त्या वाढवायच्या. गावरान कोंबडीचा रस्सा रात्रीच करणार, असं त्या शेजारणीला सांगत होत्या, तेही मला ऐकू आलं.

मी गुणगुणायला लागले. राग वाढला तसा आवाजही वाढला. पेटीवाल्या दानियलदादांना वाटलं, गीत सुरू झालं. त्यांनी सूर धरला, मंडळी उभी राहिली आणि चारही कडवी दणक्यात झाली. शेवटी पाळकसाहेबांनी सवयीने आशीर्वाद दिला आणि निम्मे लोक चपला शोधायला बाहेर पडले. भाऊसोकाका कोंबडी घेऊन तसेच उभे.

तेव्हा मी पलीकडे पाहिलं. गीत संपलं होतं, तरी राहेलबाई दात आवळून, लालबुंद होऊन अजून गुणगुणतच होत्या. तेच गीत.

मग मात्र मला राहवलं नाही. त्यांच्यापुढे जाऊन सांगून टाकलं की मी लोणी नाही, तापट आहे, सुधारायची धडपड करतेय, पण अजून जमत नाही. सोयरीक मोडायची तर आजच मोडा, लग्नानंतर कळण्यापेक्षा बरं. बाई मटकन बाकावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, आवं देवा, पोर लय गरीब हाय, मोठ्यानं बोललं तरी आजारी पडंल, असं एस्तेरबाईनंच मला सांगितलं, म्हणून मी बी तिच्याच सांगण्यावरनं महिनाभर गुणगुणतीया, माझं मालक तर आता जेवायला बी भावाकडं जात्यात.

मग मी आपणहून कलेक्टरणीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. आणि आत्या, मी आत शोधून पाहिलं, राग नव्हता. झाकलेला नाही, खरंच नव्हता. त्या मात्र कोंबडी घेईनात. तुम्ही ठेवा, तू ठेव, यातच आमची गट्टी जमली.

लग्न एप्रिलात ठरलं. सौम्यता शिकवताना तू खरेपणा विसरलीस, यावर आम्हा दोघींचं एकमत झालंय. म्हणून लग्न होईपर्यंत कलेक्टरीण तुझ्या फ्लॅटमध्ये राहील. राहेलबाई तिला घेऊन येतच आहेत.
रागावलीस तरी मायेत कसर करू नकोस.
तुझी लबाड नसलेली भाची,
सुवार्ता

सातारा,
ता. १४ फेब्रुवारी २०२५

चि. सुवार्ता हिस,
आशीर्वाद व सलाम, वि. वि.

शिक्षा कबूल. दोन्ही घरं तापट आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. तू खरं बोललीस ते वाचून मी रडले, हेही लिहून ठेवते. मी लपवलं ते तू चारचौघांत उघड केलंस, आणि देवाने तेच उचलून धरलं.

आता माझं ऐक. तुझी कलेक्टरीण पहाटे अंधारातच ओरडते. शेजारच्या साळूबाई दोनदा तक्रार घेऊन आल्या. पडद्याला चोच, सोफ्यावर घाण आणि मी जिथे बसून बायबल वाचते, नेमकी त्याच खुर्चीत अंडं. उठवायला गेले तर माझ्यावरच फुगते. सकाळपासून मी तेच गीत गुणगुणतेय, आणि राहेलबाई रोज मुद्दाम चहाला येऊन कितवं कडवं चाललंय ते विचारतात.

तू महिनाभर कशी गं गप्प राहिलीस? माझी चार कडवी आता पुरेनाशी झालीत. लग्न मार्चात घेता येतंय का बघ. माझं सहनशीलतेचं फळ पिकायच्या आधी हिचा रस्साच व्हायचा.
लोभ राहू दे, आणि कोंबडी घेऊन जा.
तुझी,
एस्तेरआत्या