'कधीच नाही'च्या रकान्यातले बाबा

बाबा,

तुम्ही आयुष्यात कधीच दारू घेतली नाही, असं दारू आणि आजारांवरच्या आमच्या अभ्यासाच्या कागदावर आहे. आकडेवारी पाहणाऱ्या मॅडमनी काल तुमचा जुना फॉर्म आणि मृत्यूचा दाखला शेजारी शेजारी ठेवून मला दाखवले. दाखल्यावर यकृताचा आजार, फॉर्मवर 'कधीच नाही' आणि खाली माझी सही. "दोन्ही खरं असू शकतं," त्या म्हणाल्या, "पण हे घर तुम्हाला आठवतं का?" मी म्हणाले, पाहून सांगते.

तेव्हा आपल्या वस्तीतली घरं ज्या मुलीकडे होती तिला ताप आला, म्हणून ती घरं माझ्याकडे आली. स्वतःच्या घरी विचारायचं नसतं, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण संध्याकाळपर्यंत यादी संपवायची होती आणि तुम्ही अंगणातच बसला होतात. आईला आत पाठवलं. किती घेता विचारलं की माणूस 'थोडीशी' म्हणतो, म्हणून आम्ही घरातल्याच ग्लासात नेहमीएवढं पाणी ओतायला सांगायचो आणि ते मोजायचो. तुम्ही स्टीलचा ग्लास उचलता, एका दमात ओतता आणि पुढे करता. "पाहून घे, एक थेंब इकडचा तिकडं नाही होत." दुसऱ्यांदा मोजलं तरी तेवढंच भरतं. मग तुमचा चेहरा उतरतो. "पण आता सोडली ना वं. मंग काहून लिहून राहिली?" कावीळ झाल्यावर तुम्ही सोडलीत, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. त्यासाठी वेगळा रकाना होता, 'पूर्वी घेत होते, आता सोडली'. मी पेन त्याच्यावरून पुढे नेलं आणि 'कधीच नाही'वर खूण केली. तुम्ही वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "जमलं."

आता नव्या मुलामुलींना मीच शिकवते. आजारपणामुळे सोडणाऱ्यांना कधीच न घेणाऱ्यांत बसवलं, की कागदावर न घेणारेच आजारी दिसतात आणि घेणारे ठणठणीत. मग कुणीतरी छापून मोकळं होतं, की थोडी घेतलेली बरी. हे समजावताना मी दर वेळी कुही गावाकडच्या एका माणसाचं उदाहरण देते. कुहीकडे असा कुणी नाही. तो तुम्हीच असता.

आज सकाळी आईला सगळं सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. तुमचं नाव खराब होईल म्हणून ती रागावेल, असं मला वाटलं होतं. ती रागावली, पण वेगळ्याच गोष्टीवर. "कधीच नाही घेतली, असं लिवलं तुनं? मंग सोडली कोणं? माह्या भावाच्या पोरीच्या लग्नात सारे मंडपामागं बसले होते, अन् हा माणूस लेकराइसंग जेवून घरी आला. मरेपर्यंत हात नाही लावला. थे कुठी लिवलं तुनं?" मी शेंगा सोलायला घेतल्या. तुमची अब्रू राखायला निघाले होते, आणि तुम्ही जे सगळ्यात कष्टानं केलं तेच कागदावरून गेलं होतं.

दुरुस्तीचा अर्ज लिहून ठेवला आहे. सोमवारी आमच्या अभ्यासातली दुसरी मुलगी घरी येऊन आईला तुमच्याबद्दल विचारेल. नियमाप्रमाणे मी तेव्हा घरात नसेन. त्यानंतर माझ्या सहीचे आपल्या वस्तीतले सगळे फॉर्म बाहेर काढतील आणि शिकवायचं काम माझ्याकडे ठेवायचं की नाही, ते ठरवतील. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी तुमच्यानंतर आणखी तीन घरांत पुरुष म्हणाले, आता सोडली. घरच्याला दिलेली सूट त्यांना कशी नाकारू, असं वाटलं आणि तिथेही मी तीच खूण केली. अर्जात मात्र मी फक्त तुमच्याच फॉर्मबद्दल लिहिलं आहे.