एकसारखे डबे

३ मार्च, सोमवार

पुन्हा उशीर. किल्ल्या फ्रिजवर होत्या — फ्रिजवर कोण ठेवतं? मीच ठेवल्या असणार. कामावर पोचले तेव्हा मालक दारात घड्याळाकडे बघत उभे. "बाई, तुमच्यावाचून लोकांचे दात अडकलेत." दात म्हणजे कवळ्या. आम्ही त्याच बनवतो. साचा, साच्यात मेण, मेणात दात, मग घासणं आणि चमकवणं. दिवसभर दुसऱ्यांचं हसू नीट करायचं आणि घरी येऊन आपण दातओठ खायचे.

संध्याकाळी दादाचा फोन. तो कधीचा म्हणतोय त्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीय, महिनाअखेरपर्यंत आईसाठी धरून ठेवतील म्हणे. "घर, नोकरी, आई — तुझ्याच्यानं होत नाहीये, छोटी. तुझा आवाज ऐकूनच कळतं."

होईल, म्हटलं. महिनाभर दे मला. बाबा गेले तेव्हा मी आईला शब्द दिलाय, तुला कुठेही पाठवणार नाही म्हणून.

फोन ठेवला आणि आधी रडून घेतलं. भांडी तशीच होती.

४ मार्च

माझ्या शेजारच्या टेबलावर मेणाचं काम करणारी एकजण आहे, तिला सगळे मेणवालीच म्हणतात. आज तिच्यापाशी गाऱ्हाणं गायलं. तर म्हणाली, "तुझा वेळ पसारा खातो बघ. सगळं सारखं कर. एकसारखे डबे घे, वर चिठ्ठ्या लाव. माझा रोज तासभर वाचतो."

तासभर! मला तासभर मिळाला तर काय करीन? आधी झोपेन. मग आईजवळ नुसती बसेन. कधीची बसले नाहीये.

९ मार्च, रविवार

घर उपसलं. हात गळून गेलेत, पण लिहितेच.

आईचं स्वयंपाकघर म्हणजे भंगाराचं दुकान. एका डब्याला पोचा, एकाची कडी तुटलेली, बिस्किटांच्या डब्यात डाळ. मीठ कॉफीच्या बाटलीत, आणि बाटलीच्या गळ्याला एक रबरबँड. साखरेच्या तसल्याच बाटलीला दोन. हे कशाला, विचारलं, तर म्हणे, "असू दे गं, सवय." या सवयींनीच तर आपलं घर बुडालंय!

सगळं नव्या डब्यांत भरलं. पांढरे, चौकोनी, एका उंचीचे. ओळीत मांडले आणि डोळ्यांचं पारणं फिटलं. प्रत्येकावर ठळक अक्षरात चिठ्ठी. जुनं सगळं भंगारवाल्याला. बोळातली तिपाईही देऊन टाकली, येता-जाता पायात यायची.

आई खुर्चीत बसून होती. "झालं का आवरून?"

"झालं. बघ तरी, आई!"

"बघितलं की. छान झालंय."

१२ मार्च

वेळेवर पोचले. मालकांनी आज घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. घरी आल्यावर चहा गरम असताना प्यायले. जमणार हे. जमायलाच हवं.

१५ मार्च, शनिवार

आईनं चहा केला — मीठ घालून. आधी दोघी हसलो. "चिठ्ठी वाचायची ना, आई." "घाईत राहिलं बाई." घाई? तिला कसली घाई?

१७ मार्च

आज डाळीत धुण्याचा सोडा.

एक घास तोंडात घातला आणि थुंकला. नशीब, आई अजून जेवायला बसली नव्हती. पातेलं तसंच मोरीत ओतलं आणि मी ओरडले. एवढी ओरडले की शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, अजून काय करू? डब्यावर नाचू?

आई ओले हात पुसत उभी राहिली. "माझं चुकलं."

जन्मात कधी ती मला असं म्हणाली नव्हती. मला ते ऐकवेना. पण जवळही गेले नाही मी. साबण लावून पातेलं घासत बसले.

१९ मार्च

आई बोळात पडली. हात कोपरापर्यंत काळानिळा. हाड शाबूत आहे.

उठवून बसवलं तर विचारते, "इथली तिपाई कुठे गेली गं?" अगं, दिली ना! तू इथेच तर बसली होतीस दिली तेव्हा!

दवाखान्यात मीच घडाघडा सगळं सांगितलं. मीठ, सोडा, तिपाई. डॉक्टर म्हणाले, विसराळूपणा वयाबरोबर वाढतो, एकटं ठेवू नका. आई खाली मान घालून ऐकत होती.

अर्धा दिवस बुडाला. मालकांपुढे दाताच्या कण्या केल्या. ते म्हणाले, "तुमचं दुःख मला कळतं, बाई. पण आता एकदा जरी उशीर झाला, तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." चांगले आहेत बिचारे. ते चांगले आहेत म्हणून तर जास्त भीती वाटते.

२३ मार्च, रविवार

वाचलेला तास गेला कुठे? पुसण्यात गेला, फेकण्यात गेला, कामावरून घरी फोन करकरून "आई, गॅसजवळ जाऊ नकोस" सांगण्यात गेला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. घर मात्र कसं आरशासारखं आहे! कुणीही यावं आणि बघून जावं.

आई आता स्वयंपाकघरात पाऊलच टाकत नाही. टीव्ही मोठ्यानं लावून खुर्चीत बसते, तोंड भलतीकडेच. पूर्वी माझ्याआधी उठून खुडबुड करायची. त्या खुडबुडीचा राग यायचा मला.

काल सकाळी तिला म्हटलं, "आवर ना गं आई, मला निघायचंय." आंघोळीचं म्हणत होते मी. तिला वाटलं, रडणं आवर म्हणाले. तिनं पटकन डोळे पुसले. ती रडत होती हे मला तेव्हा दिसलं.

२६ मार्च

नाही होत. नाहीच होत माझ्याच्यानं.

२८ मार्च, शुक्रवार

दादाला फोन केला. ये, म्हटलं. एवढा एकच शब्द. रविवारी सकाळी गाडी घेऊन येतोय. त्यानं एकदाही 'मी सांगत नव्हतो का?' म्हटलं नाही. म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

आईला सांगितलं. वाटलं होतं चिडेल, मला शब्दाची आठवण देईल. तिनं फक्त विचारलं, "तिथे सगळं नवीन असेल का गं?"

"नवीन आहे, स्वच्छ आहे. नीटनेटकं आहे, आई."

"हं. हे घर निदान मला पाठ होतं."

पाठ म्हणे! मीठ कुठं, साखर कुठं आठवत नाही, आणि घर पाठ. उशीत तोंड खुपसून रडले. लाज वाटते, पण लिहिते — रडता रडता मनात आलं, सोमवारी वेळेवर पोचता येईल.

२९ मार्च, शनिवार

दिवेलागण झाली तेव्हा आईची बॅग भरत होते. काहीतरी काम दे म्हणाली, म्हणून शेंगा सोलायला दिल्या. एवढ्यात दिवे गेले. अख्खी गल्ली काळी. मी चाचपडत खण उघडला.

"काय शोधतेस?"

"मेणबत्ती."

"कशाला?"

शेंगा सोलल्याचा आवाज चालूच होता.

तिच्यासमोर खाली बसले. तिचे हात धरले. दिवे गेलेत, आई, म्हटलं. तेव्हा ते हात थांबले.

कधीपासून?

"झालं असेल वर्ष. हळूहळू गेलं. तुला सांगणारच होते गं. पण तुला कुठे वेळ होता?"

दादाला कळवलं, येऊ नकोस. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मालक म्हणतील ते म्हणोत.

मेणबत्ती लावून डब्यांपुढे बसलोय दोघी. मिठाला एक रबरबँड. साखरेला दोन. सोड्याला किती, मी विचारलं. "सोडा इथे नकोच," आई म्हणाली, "तो मोरीतच बरा होता."