घेवड्यावर पिठीसाखर

३ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझीच भूक गेली. भावोजींना जाऊन चार महिने झाले आणि तू अजून चहा-बिस्किटांवर दिवस काढतेस, वर एकटीसाठी कोण शिजवणार, असं मलाच विचारतेस! अगं, मीही एकटाच आहे. शिवाय पुस्तकं बांधणारा बाइंडर, हाताला कायम खळ. तरी रोज दुपारी साग्रसंगीत जेवतो. आता दर पत्रात मी माझं जेवण लिहून पाठवीन, तू तेच करायचंस. आजचं घे: बटाटे उकडून गरम असतानाच फोडी कर, वर लिंबू, तेल, मीठ, मिरपूड आणि काकडीच्या चकत्या. मला जमलं यातच सगळं आलं.

आहे तेवढा लोभ ठेव. तो वाढावा असं मी काही केलेलं नाही.

तुझा डिंक्या

११ फेब्रुवारी

चि. डिंक्यास अनेक आशीर्वाद.

बटाटे केले. छान झाले. लहानपणी किटलीत अंडं उकडून सगळ्या घराला अंड्याचा चहा पाजणारा तू, आता मला स्वयंपाक शिकवणार! मी बरी आहे. खोकल्याचं औषध वेळेवर घे.

माया आहेच, ती कुठे जाते!

ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

नुसतं ‘छान झाले’? एरवी तू माझ्या चहालासुद्धा चार नावं ठेवतेस. असो. या आठवड्यात कोवळा घेवडा उकडून त्यात कांदा, लिंबू, मिरपूड घाल. मग भांड्याला लोणी फासून पाऊण तास ओव्हनमध्ये भाज. गार झालं की वर पिठीसाखर भुरभुरव. मी काल दोनदा वाढून घेतलं.

लोभ असू दे, निदान जेवणापुरता.

डिंक्या

२३ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

घेवड्याला हात लावू नकोस! केला असलास तर टाकून दे, आणि त्याच्याबरोबर मलाही टाक. मी काहीएक शिजवत नाही. दुकानात पाककृतींचं एक जुनं पुस्तक बांधायला आलंय, त्यातून उतरवून पाठवत होतो. मी स्वतः खळीच्या डब्याशेजारी उभ्याउभ्या पाव-केळं खातो. एकदा पाव चुकून खळीत बुडाला, तर चवीत फारसा फरक कळला नाही.

आज पुस्तकाच्या मालकीणबाई आल्या आणि सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. घेवड्याच्या सॅलडच्या पानापुढे मी केकचं पान शिवलं होतं. तीस वर्षं हाच धंदा करतोय, ताई! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, तशातली माझी गत. पण यामुळे तू पुन्हा बिस्किटांवर गेलीस, तर मला घास उतरणार नाही.

लोभ मागायला तोंड नाही.

डिंक्या

२ मार्च

चि. डिंक्यास आशीर्वाद, आणि कान पिळला असं समज.

तू खोटारडा, तर मी तुझीच बहीण. बटाटे मी केलेच नव्हते. पत्राची घडी घातली आणि बिस्किटांचा पुडा फोडला. पण घेवड्यावर पिठीसाखर वाचून हबकले. भाऊ वेडा झाला की काय, हे बघायला तरी करायला हवं, म्हणून उठले. माळ्यावरून ओव्हन काढला, घासला, शेजारणीकडून लोणी मागून आणलं. तुझं ‘हात लावू नकोस’ येण्याआधीच ते ताटात होतं.

इतकं भयंकर मी जन्मात खाल्लं नव्हतं. पहिल्याच घासाला हसू फुटलं, आणि यांनाही चाखायला द्यावं म्हणून मी चक्क हाक मारली. मग खूप रडले. चार महिन्यांत असं रडायला झालं नव्हतं. रडून झाल्यावर भूक लागली, खरीखुरी. तेव्हा बटाटे उकडले आणि ताट घेऊन, नीट बसून, पोटभर जेवले. त्यानंतर रोज शिजवते आहे.

रविवारी दुपारच्या बसने तुझ्याकडे येते. घरात पातेलं नसणारच, विकत आण. यापुढे मी एकटी जेवणार नाही, आणि तुला उभ्याने खाऊ देणार नाही.

लोभ भरपूर आहे, पोटात जागा ठेव.

तुझी ताई