ग्राफमध्ये नसलेल्या ठमीस

प्रिय ठमे,

आज लॅबमध्ये सरांनी ग्राफ दाखवला. बाकीच्या सगळ्या उंदरांचा एकेक ठिपका आहे. तुझा नाही. म्हटलं, निदान पत्र तरी लिहू. उंदरिणीला पत्र! हसू नकोस.

तुला मलेरिया आम्हीच दिला, सुईनं. इथं सोमाटण्यात डास कमी आहेत म्हणून नाही गं. आजार नेमका कधी सुरू झाला ते आम्हाला कळायला हवं असतं. मग जंतूंनी तुझ्या रक्तातली साखर फस्त केली. तू वाळलीस, केस पिंजारून कोपऱ्यात बसायला लागलीस. मी शेपटीतून रक्ताचा थेंब घ्यायला आले की मात्र चावायला बघायचीस. म्हणून तर ठमी नाव ठेवलं!

मग औषध दिलं, जंतू गेले. आता बघायचं होतं, जंतू गेल्यावर शरीर पहिल्यासारखं होतं का? आणि औषध स्वतः काय बिघडवून जातं? उत्तर तुझ्या लिव्हरमध्ये होतं. म्हणजे बरी झालीस तरी मरायचंच होतं. हे तुला कुणी सांगितलंच नसेल, नाही का?

शेवटच्या सकाळी साखर उपाशीपोटी मोजायची म्हणून सगळ्यांचं खाणं काढलं होतं. तुझा आकडा सगळ्यांच्या वर! सर खूश.

"हिला औषध भलतंच लागू पडलंय!"

"पडंल न्हाई तर काय," पिंजरे धुणाऱ्या हौसामावशी म्हणाल्या. "आत्ताच चिक्कीचा चुरा चारलाय तिला."

"मावशी! प्रसाद वाटताय का इथं?"

"सगळ्यास्नी न्हाई वो, हिलाच. दुखण्यातनं उठल्यावर त्वांड गोड करत्यात आमच्यात. लय वाळलीती."

झालं! उपाशी नव्हतीस म्हणून तुझी साखर बाद, लिव्हरही बाद. खरं सांगू? मला आनंद झाला.

"सर, मग हिला ठेवूया ना? काही उपयोग नाही तर मारायची कशाला?"

सर शांतपणे म्हणाले, "उपयोग नाही तर ठेवायची कशाला? आणि या खोलीतून जिवंत कुणी बाहेर जात नाही."

मीच तुला गॅसच्या डब्यात ठेवलं. मावशी दारातून विचारत होत्या, "पन बरी झालीती न्हवं ती?" बाकीच्यांची लिव्हर काढून बर्फावर गेली. तुला कापलंसुद्धा नाही. अख्खीच्या अख्खी पिवळ्या पिशवीत, कचऱ्यात.

कशाला खाल्लीस गं ती चिक्की? दोन्ही हातांत धरून खाल्लीस म्हणे, मिशा पुसत! मरण टळणार नव्हतंच. निदान ठिपका तरी झाली असतीस.

उद्या नवीन उंदीर येतायत. मावशींना आता त्या खोलीत यायची बंदी आहे. मी तुला शब्द देते ठमे, यातल्या एकीचेही कुणी लाड करणार नाही. एकीलाही मी फुकट मरू देणार नाही.

तुला डब्यात ठेवणारी,
अनया